तात्यांची फरशी

राहात्यात शिर्डी रस्त्याला सुनीलचं दुकान आहे. पाटीवर 'संगमरवर' असा भारदस्त शब्द रंगवलेला आहे, पण तो पाटीवरच. आत येणारं प्रत्येक माणूस 'मार्बल' म्हणतं, आणि त्या एका शब्दात काय काय मावतं ते दिशाला लग्न होऊन आल्यावर कळलं. ग्रॅनाइट बघायला आलेला शेतकरी म्हणतो, "तो काळा मार्बल दाखवा." न्हाणीघराच्या टाइल्स न्यायला आलेली बाई म्हणते, "न घसरणारं मार्बल द्या भाऊ." मेडिकलवाल्याला चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून एक तुकडा हवा असतो, कुणाला देवाच्या खाली टाकायला, कुणाला तुळशीच्या कट्ट्याला. आणि कापून उरलेल्या कडा येतात घरी. दिशाचा पोळपाट मार्बलचा, मिक्सरखाली मार्बल, कपाटाचा एक पाय डुगडुगतो त्याच्याखालीही मार्बल.

तिचं माहेर नगरचं, सावेडीतलं. लग्नानंतरच्या पहिल्या वाढदिवसाला तिच्या आईने डबा भरून मार्बल केक पाठवला, तेव्हा रतनबाईंनी, म्हणजे दिशाच्या सासूबाईंनी, तो उलटापालटा करून पाहिला होता.

"ह्यात मार्बल कुठंशी हाय गं?"

"आई, ते नुसतं दिसायला. पांढऱ्यात तपकिरी रेघा असतात ना, म्हणून."

"मग खायचा कशाला? सुन्याच्या दुकानात लाव की भिताडाला," असं म्हणून त्यांनी आणखी एक तुकडा उचलला. पुढे दिशाचा इंग्रजी शाळेत जाणारा भाचा सुट्टीत आला आणि गोट्यांनाही मार्बल म्हणायला लागला, तेव्हा मात्र म्हातारीने कपाळाला हात लावला. "आता गोट्या बी तुझ्याच दुकानातनं नेत्यात का रं सुनील?"

अशा घरात एका फरशीवरून अबोला व्हावा, हे काही दिशाला आधी खरं वाटेना.

फरशी दुकानात आत, भिंतीला टेकून, गोणपाटाखाली उभी होती. राजस्थानातल्या मकराण्याची, दुधासारखी, रेघसुद्धा नाही. दोन माणसं शेजारीशेजारी उभी राहतील एवढी. सुनीलने गाडी उतरवतानाच ती बाजूला काढून ठेवली होती आणि कुणी भाव विचारला तर "ही विकायची नाही" असं तुटकपणे सांगायचा. मग एक दिवस ती कोरून आली. 'कै. गहिनीनाथ तात्या यांच्या स्मरणार्थ'. अक्षरांत काळा रंग भरलेला. सुनीलने गोणपाट बाजूला सारून दिशाला दाखवली आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "बरी झाली ना?" तात्या म्हणजे सुनीलचे वडील. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं.

राहात्याजवळच त्यांचं गाव. तिथल्या भैरोबाच्या देवळापुढं मोठं आवार आहे, सगळं काळ्या शहाबादीचं. चैत्रात तिथं भाकरी भाजावी. म्हणून देवळाच्या कमिटीनं मागच्या वर्षी दरवाजापासून मंडपापर्यंत पांढऱ्या मार्बलचा एक पट्टा टाकायला घेतला. ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्यानं एक फरशी द्यायची, वर नाव कोरायचं. पट्टा जवळजवळ पुरा झाला होता. मंडपाच्या पायरीशी तेवढी एक जागा राहिली होती, आणि ती गहिनीनाथ तात्यांची, असं गावानं न बोलता धरून ठेवलं होतं. रतनबाईंनी तर केव्हाच धरलं होतं.

आणि सुनीलनं ठरवलं होतं की फरशी भिंतीला लावायची. मंडपाच्या आत, गाभाऱ्याच्या उजव्या हाताला, डोळ्यांच्या उंचीवर.

त्या दिवशी दिशा दुपारचा डबा घेऊन दुकानात गेली, कडेवर संस्कृती, मागे रतनबाई. तीन वर्षांची व्हायला आलेली संस्कृती घरी झोपायला तयार नसते. दुकानात आली की गार फरशीवर गाल टेकून पाच मिनिटांत गप्प होते. ती झोपली, आणि मायलेकाचं सुरू झालं.

"कमिटीचे कानिफअण्णा भेटले सकाळी," रतनबाई म्हणाल्या. "म्हनले, उद्या गवंडी येतोय. जागा साफ करून ठेवलीय."

"मी सांगितलंय त्यांना. भिंतीला."

"भिंतीला कोन उभं ऱ्हातंय रं?"

"आई, उभं राहायचंच नाही म्हणून तर भिंतीला! रोज सकाळी ज्या माणसाच्या पायाला हात लावून मी दुकानाचं शटर वर करायचो, त्याच्या नावावर सगळ्या गावानं पाय द्यायचा? शेणाचे, चिखलाचे? मला नाही बघवणार."

"बाकीच्यांची नावं न्हाईत का तिथं? त्यांच्या लेकांना न्हाई का काळीज?"

"त्यांचं त्यांना. माझ्या बापाच्या नावावर नाही."

रतनबाईंनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मग दिशाकडे वळून, जणू सुनील तिथं नाहीच अशा आवाजात म्हणाल्या, "ह्यानं कधी कावड आणली असती म्हंजी कळलं असतं."

गोदावरीला या भागात गंगाच म्हणतात. जत्रेला गावातले लोक पुणतांब्याहून गंगेचं पाणी कावडीनं आणतात, अनवाणी, भैरोबाला घालायला. दिशाला हे माहीत होतं. पण तात्यांचं तिनं ऐकलं ते त्या दुपारीच.

"सकाळच्याला निघालेली मानसं भर उन्हाची देवळापुढं येत्यात. आन पायरीशी बारी लागती. एकानं आत जायचं, पानी घालायचं, मग दुसऱ्यानं. तवर हे उभे त्या शहाबादीवर. खांद्यावर कावड, खाली ठेवता येत न्हाई. ह्या पायावरनं त्या पायावर, त्या पायावरनं ह्या पायावर. लोकं हात जोडायची. म्हनायची, तात्याच्या अंगात देव आला! मला म्हाईत हुतं काय आलंय त्ये." त्या हसल्या, आणि हसता हसताच पदर तोंडाला लावला. "घरी आले की परातीत पाय घालून बसायचे. मी लोनी चोळायची. तर मलाच म्हनायचे, लोनी पोरांला ठिव."

"त्यांनी कधी सांगितलं होतं का, माझी फरशी तिथं टाका म्हणून?" सुनीलनं विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"त्येंनी कशाला सांगावं? त्येंनी जल्मात काय मागितलं? मला वाटतंय. तिथं उभ्या ऱ्हानाऱ्याचे पाय भाजू नयेत, एवढंच मला वाटतंय."

सुनील उठला आणि गिऱ्हाईक नसताना काउंटर पुसायला लागला. "भिंतीलाच लागेल," तो म्हणाला.

संध्याकाळी सुनील आला तेव्हा रतनबाईंनी त्याला नेहमीसारखं "आलास का?" विचारलं नाही, ताट वाढलं ते दिशाच्या हातून पाठवलं. सुनीलनंही आमटीत मीठ कमी आहे हे सांगितलं नाही. एरवी हा माणूस मिठावरून घर डोक्यावर घेतो. दिशा दोघांच्या मध्ये भाकऱ्या थापत होती आणि तिला राग येत होता तो याचा, की दोघांपैकी कुणावरही तिला रागावता येत नव्हतं. एकाला त्या माणसाच्या पायांना केलेला नमस्कार विसरता येत नाही, दुसरीला त्या पायांचे फोड.

"अहो," तिनं भांडी आवरताना एकदा म्हणून पाहिलं, "दोन फरश्या करा ना. एक भिंतीला, एक खाली."

"आणि खालच्यावर काय कोरू?"

"काहीच नाही."

"मग ती तात्यांची कशी? कुणाच्याही दुकानातली फरशी झाली ती. आई ऐकेल का?"

"न्हाई ऐकनार," आतून आवाज आला. ऐकू येत नाही म्हणणाऱ्या बाईला असलं सगळं ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी छोटा हत्ती टेम्पो दुकानापुढं लागला. सुनीलनं फरशी स्वतः उचलू लागून आत चढवली, खाली गाद्या घातल्या. दिशा संस्कृतीला घेऊन पुढं बसली; रतनबाई बोलावलं नव्हतं तरी आधीच येऊन बसल्या होत्या. वाटेत फक्त संस्कृती रस्त्यातल्या प्रत्येक म्हशीला नाव ठेवत होती.

देवळात कानिफअण्णा वाटच बघत होते. कमिटीचे अध्यक्ष, धोतर, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात मोबाईल. "या या मार्बलशेठ! काय ठरलं? भिताड का जमीन? गवंडी माल कालवून बसलाय. लवकर सांगा, न्हाईतर माल वाळंल आन मग मलाच भिताडाला लावावं लागंल."

"भिंत," सुनील म्हणाला.

अण्णांनी रतनबाईंकडे पाहिलं. त्या मंडपाच्या सावलीत खांबाला टेकून बसल्या आणि देवाकडे बघायला लागल्या. त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. आणि तेच दिशाला बघवेना. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फरशी उतरवून पायरीशी, त्या मोकळ्या जागेच्या शेजारी ठेवली, नाव वर. गवंडी भिंतीची उंची मापायला आत गेला. सुनील त्याच्यामागं गेला. ऊन नुसतं उभं होतं. आणि दिशानं पाण्याची बाटली काढायला संस्कृतीला मंडपाच्या पायरीवर टेकवलं, तेवढ्यात कार्टी निसटली. पायात काही नव्हतं. चपला छोट्या हत्तीत काढून बसली होती. दोन पावलं शहाबादीवर पडली आणि तिनं जी किंकाळी मारली, ती ऐकून आतून सुनील धावत बाहेर आला, गवंडी आला, अण्णांचा मोबाईल हातातून पडला.

पण ते पोचेपर्यंत संस्कृती गप्प झाली होती. समोर पांढरं दिसलं तिकडं ती पळाली होती आणि तात्यांच्या फरशीवर जाऊन उभी राहिली होती. बरोबर नावावर. गालावर पाणी तसंच, आणि पायाची बोटं आखडत, उघडत, कोरलेल्या अक्षरांतून फिरवत.

"संस्कृती, उतर बाळा तिथून," दिशा म्हणाली.

"न्हाई. हितं गार हाय." आजीच्या तोंडचं आजीसारखंच.

सुनील पायरीवर थांबला होता. तो पुढं झाला, वाकला, तिला उचलायला हात घातला, आणि हात तसेच राहिले. उचलून ठेवणार कुठं? भोवती काळी शहाबादी तापून पडलेली, आणि पांढऱ्या पट्ट्यावर दुसऱ्यांच्या बापांची नावं. त्याला काय होतंय ते दिशाला इथून दिसत होतं. बापाच्या नावावर पोटची पोर उभी होती, तिला खाली उतर म्हणता येईना, आणि राहा म्हणता येईना. शेवटी त्यानं तिला कडेवर घेतलं आणि फरशीवर ओणवा होऊन, तिच्या पायाचा नुसता धुरळा लागला होता तो, तळहातानं पुसून काढला. अक्षर अक्षर.

रतनबाई बघत होत्या.

"उलटी लावली तर?" दिशा म्हणाली. बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण मोठ्यानं बोललो.

"काय?"

"फरशी. उलटी. नाव खाली. म्हणजे नावावर पाय नाही पडणार कुणाचा, आणि... आणि पाय पण नाही भाजणार."

मग सुनीलमधला बाप गेलेला मुलगा मागं पडला आणि दुकानदार पुढं आला. "अगं, पॉलिश खाली जाईल! मकराणा आहे तो! मागची बाजू नुसती कापलेली, खरबरीत. मकराणा कुणी उलटा लावतं का? लोक काय म्हणतील, सुनीलला फरशीची सुलटी बाजू कळत नाही?"

"खरबरीतच बरी की," अण्णा मोबाईल पुसत म्हणाले. "कावडीचं पानी सांडतंय तिथंच. गुळगुळीतावर मागच्या साली पोरगं आडवं झालं, पान्यासकट."

"पण अण्णा, नाव? नाव वाचणार कोण मग?"

अण्णांनी काळा चष्मा काढला. "सुनील, गहिनीतात्याचं नाव ज्याला वाचून कळंल असा मानूस हाय का ह्या गावात?"

सुनीलनं आईकडं पाहिलं. काल दुपारपासून पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"आई? नाव मातीत जाईल."

रतनबाई खांबाला धरून उठल्या. "जाऊ दे. जल्मभर मातीकडंच तोंड करून वाकलेले हुते. वर कवा बघितलं त्येंनी? फोटोत सुदिक खाली बघत्यात." मग मऊ आवाजात, "तुला बरं वाटंल का पन? तुला बरं वाटनार नसंल तर न्हाई लावायची. भिताडाला लाव. मी काय, चार दिस रुसंन."

"तू चार दिवसांत थांबणार आहेस होय," सुनील म्हणाला. आणि बाह्या वर केल्या.

गवंड्याला त्यानं हातच लावू दिला नाही. माल स्वतः पसरला, थापीनं सारखा केला. गवंडी मागं उभा राहून "भाऊ, कडंला जास्त घ्या" एवढंच म्हणत राहिला. पालथी करण्याआधी सुनील फरशीपुढं बसला. कोरलेल्या नावाला त्यानं डोकं टेकलं, थोडा वेळ तसाच राहिला. मग चौघांनी मिळून ती उचलली, पालथी केली, आणि नाव ओल्या मालात बसलं. "आता हलायची न्हाई," गवंडी म्हणाला. "अक्षरांत माल धरतोय ना."

आणि मग सुरू झाला रतनबाईंचा पहारा. फरशी नवी, माल ओला, पाय पडला तर बसेल. म्हणून जत्रेपर्यंत तिच्यावर कुणी उभं राहायचं नव्हतं. म्हातारी सकाळीच काठी घेऊन मंडपात जाऊन बसायची. "ए, बाजूनं! बाजूनं जा! दिसत न्हाई का मानूस हाय तिथं?" साऱ्या गावानं नवऱ्यावर उभं राहावं म्हणून लेकाशी भांडलेली बाई आता कुत्र्यालासुद्धा त्याच्यावरून जाऊ देत नव्हती. सुनील दुकानाला जाता-येता बादलीनं पाणी मारायचा. मायलेकांचं बोलणं परत सुरू झालं होतं. आमटीत मीठ कमी असल्याचंही त्यानं सांगितलं.

जत्रेच्या दिवशी सुनीलनं दुकान बंद ठेवलं. कावड काही त्यानं आणली नाही. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाला, आणि रतनबाई "बघू बघू" म्हणाल्या त्या सुरातच त्यांचा किती विश्वास बसला ते कळलं. दुपारी हलगी वाजायला लागली आणि कावडी आल्या. घामानं निथळलेली, गुलालानं माखलेली पोरं पांढऱ्या पट्ट्यावरून नावं तुडवत पायरीशी आली आणि तिथं बारी लागली. पहिला पोरगा त्या बिननावाच्या फरशीवर उभा राहिला. खांद्यावर कावड. त्याचे पाय भेगाळलेले, एका टाचेला फडकं बांधलेलं. तो जागच्या जागी शांत उभा होता. डोळे मिटून, नुसता उभा.

दिशानं रतनबाईंकडं पाहिलं. त्या पोराच्या तोंडाकडं बघतच नव्हत्या. खाली, पायांकडं बघत होत्या.

कावडींचं पाणी घालून झालं आणि बायामाणसांची बारी सुरू झाली. दिशा संस्कृतीला घेऊन पायरीशी पोचली, फरशीवर उभी राहिली. खालून गारवा तळपायांत शिरला. दिशानं मागं वळून म्हटलं, "आई, या ना. जागा आहे."

रतनबाई फरशीच्या कडेला, शहाबादीवर उभ्या होत्या. अनवाणी. हातात नारळ.

"ऱ्हाऊ दे. मी हितंच बरी."

"अहो आई, पाय भाजतायत तुमचे!"

"भाजू दे."

सुनील मागं होता, तो पुढं आला. "आई, तूच भांडलीस ना? एवढा पहारा केलास. सगळं गाव उभं राहिलं, आणि तू उन्हात?"

"गाव उभं ऱ्हाईल. मी कशी उभी ऱ्हाऊ?" म्हातारी चक्क लाजली. पदर सारखा केला, इकडंतिकडं बघितलं आणि दबक्या आवाजात त्याच्यावरच खेकसली. "नवरा हाय माझा! त्येला पाय लावू व्हय?"

बारीतल्या बायका फिस्सकन हसल्या. अण्णा मंडपातून ओरडले, "काय झालं? बारी का थांबली?" सुनील हसला नाही. त्यानं चपला केव्हाच काढल्या होत्या. तो फरशीच्या दुसऱ्या कडेनं वळसा घालून आईच्या शेजारी, त्या तापलेल्या काळ्या दगडावर येऊन उभा राहिला. एकदा इकडचा पाय उचलला, एकदा तिकडचा.

"तू कशाला? जा की तिकडं, बायकोपाशी."

"मला पण नाही देता येत पाय," तो म्हणाला.

"मग मर हितं," रतनबाई म्हणाल्या, आणि त्याचा दंड धरला.

दिशानं संस्कृतीला फरशीवर नीट उभं केलं, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि वाकून ती त्या दोघांच्या पायांवर रिकामी केली. दगडानं पाणी बघता बघता पिऊन टाकलं. "आणखी आण," सुनील म्हणाला, आणि ती मंडपातल्या रांजणाकडं धावली.